फवारणीचं विमान परत आलं

दादाने विमान घरी आणलं तेव्हा वहिनी त्याच्याशी बोलेनाशी झाली होती. मी तिच्या बाजूने होते. जिंतूरहून येलदरीकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून आमचं रान आहे. तिथे एका लांबलचक ट्रकमधून ते उतरवलं. विमान म्हणावं असं त्यात काही उरलं नव्हतं. गंजलेल्या नळ्यांचा सांगाडा, वेगळे बांधलेले दोन पंख, चिंध्या लोंबणारी शेपूट आणि ताडपत्रीत गुंडाळलेलं इंजिन. ट्रकवाल्याने विचारलं, भंगार एवढ्या लांब कशाला आणलंत. आबांना, म्हणजे आमच्या वडिलांना, दादाने हाताला धरून पुढे नेलं आणि त्यांचा तळहात त्या पत्र्यावर टेकवला.

आबांच्या एका डोळ्याची नजर केव्हाच गेली आहे, दुसऱ्याने सावल्या दिसतात. त्यांनी पत्रा चाचपला, पायलटच्या बैठकीखालचा एक उंचवटा बोटांनी शोधला आणि म्हणाले, "तेच हाय."

मी सरकारी दवाखान्यात परिचारिका होते. निवृत्त होईपर्यंत दर पावसाळ्याच्या शेवटी कापसावर औषध मारताना विषबाधा झालेली माणसं आमच्या वॉर्डात यायची. तोंडाला फेस, बारीक झालेल्या बाहुल्या, घामाने निथळणारं अंग. त्यांना सलाईन लावताना मला दरवेळी ते पिवळं विमान आठवायचं. त्यामुळे दादाला ज्यात बालपण दिसत होतं, त्यात मला दुसरंच काही दिसत होतं.

आमच्या लहानपणी कपाशीवर बोंडअळी पडली की फवारणीचं विमान यायचं. आदल्या संध्याकाळी गावात दवंडी व्हायची: जनावरं गोठ्यात बांधा, विहिरींवर ताडपत्र्या टाका, लेकरं घरात ठेवा. माळावर रूळ फिरवून धावपट्टी केलेली असायची. पहाटेचा वारा पडलेला असतानाच काम चालायचं. एकाच माणसाची बैठक, तीही उंटाच्या पाठीवर असावी तशी उंच, आणि तिच्या पुढे विमानाच्या पोटात औषधाची टाकी. पायलटला वरून कळावं की कुठल्या ओळीपर्यंत फवारून झालंय, म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना झेंडेवाले उभे असायचे. बांबूला पांढरं फडकं बांधलेलं. विमान झेंड्यावर नेम धरून यायचं, डोक्यावरून जायचं, वर उसळून वळायचं. तेवढ्यात झेंडेवाला काही पावलं बाजूला सरकून पुन्हा उभा राहायचा.

आबा झेंडेवाले होते. तोंडाला रुमाल बांधलेला, बाकी अंग उघडंच. घरी यायचे तेव्हा मिशा पांढुरक्या झालेल्या असायच्या. आमची माय त्यांना अंगणाबाहेरच थांबवायची, कपडे ओढ्यावर वेगळ्या दगडावर धुवायची आणि त्या दिवशी आम्हाला आबांच्या मांडीवर बसू द्यायची नाही. दादा मात्र दवंडीला न जुमानता छपरावर चढून बसायचा. शाळेत इंग्रजी सुरू होण्याआधी त्याला विमानाच्या शेपटीवरची अक्षरं लिहिता यायची. धुळीत, पाटीवर, भिंतीवर, जिथे जागा मिळेल तिथे तो ती लिहायचा.

मग एका सकाळी विमान पडलं. आम्ही घरात होतो. आवाज यायचा, दूर जायचा, परत यायचा, आणि एका फेरीत तो मधेच तुटला. त्यानंतर काहीतरी मोडल्याचा आवाज. माय चुलीपुढून उठून धावली, तिच्यामागे सगळं गाव. विमान बाभळीच्या रांगेत घुसलं होतं. पायलटला लोकांनी ओढून काढलं, बाजेवर घालून रस्त्यापर्यंत नेलं, तिथून जीपमध्ये परभणीला. त्याचा पाय गुडघ्याखाली मोडला होता. आबा जिवंत होते. त्यांच्यापासून थोड्याच अंतरावरून विमान गेलं होतं. मोडकं विमान नंतर कंपनीवाल्यांनी ट्रकात घालून नेलं.

तेव्हापासून आमच्या घरात एक गोष्ट होती. इंजिन बंद पडलं, विमान सरळ आबांवर येत होतं, पायलटने ते पाहिलं आणि ऐन वेळी बाभळींकडे वळवलं. "साहेबानं माझ्यापायी आपला पाय मोडून घेतला," असं आबा सांगायचे. चौकशीला आलेल्या साहेब लोकांपुढेही त्यांनी हेच सांगितलं होतं. आमच्या लग्नांत, बारशांत, पाहुण्यांपुढे ही गोष्ट झालीच पाहिजे असं ठरून गेलेलं. ती सुरू झाली की माय उठून आत जायची. तिला विमानाचा राग होता, हे आम्हाला माहीत होतं.

या गोष्टीनेच दादाला हवाईदलात नेलं असं मला वाटतं. तिथे तो इंजिनं जोडायच्या कामात होता. निवृत्त होऊन शेती बघायला लागल्यावर एका जुन्या सोबत्याने त्याला दुसऱ्या राज्यात बोलावलं. विमान उडवायला शिकवणारी एक जुनी शाळा बंद पडली होती आणि तिच्या मागच्या गवतात हा सांगाडा पडला होता. शेपटीवरची अक्षरं अर्धी उडाली होती, पण दादाला ओळखायला अर्धी पुरली.

त्यानंतरची काही वर्षं त्याने पत्र्याच्या शेडमध्ये काढली. मी सुट्टीच्या दिवशी परभणीहून जायची आणि शेडच्या दारातच उभी राहायची. नळ्या घासून उघड्या केल्या गेल्या, गंजलेल्या ठिकाणी नव्या जोडल्या. पंखांच्या फासळ्यांवर कापड ताणून शिवलं, त्यावर लेप चढवले. लेप वाळला की कापड ढोलकीच्या पानासारखं ताठ व्हायचं आणि दादा त्यावर बोट वाजवून मला ऐकायला लावायचा. पिवळ्या रंगासाठी त्याने आबांना भंडावून सोडलं. हळदीसारखा की झेंडूसारखा? आबा म्हणाले, पिकल्या आंब्यासारखा. पंखाच्या आत, एका सांदीत, त्याला वाळलेला कापसाचा बोळा सापडला. उंदराने घर केलं असणार. तो म्हणाला आपल्याच रानातला आहे. मी म्हटलं कशावरून. त्याने तो तरीही जपून परत आत ठेवला.

मोबाइलवर कुणीतरी व्हिडिओ टाकल्यावर लोक यायला लागले. चारठाण्याहून, जिंतूरहून, परभणीहून. साठीच्या पुढची माणसं विमानापुढे उभी राहिली की त्यांच्या बोलण्याचा सूरच बदलायचा. एका मेंढपाळ म्हाताऱ्याने सांगितलं, विमानाच्या आवाजाने त्याची मेंढरं नदीपर्यंत पळाली होती आणि तो रडत मागे गेला होता. हे सांगताना तो हसत होता. एका बाईने पंखावरून हात फिरवला आणि बराच वेळ काढला नाही. मलाही ते सुंदर दिसायला लागलं होतं, हे कबूल करायला हवं. दारातून येणाऱ्या उन्हात ते पिवळं नाक वर करून उभं असायचं आणि मी नकळत दोन पावलं आत गेलेली असायची. त्याचीच मला धास्ती वाटायची. एवढ्या देखण्या गोष्टीतून काय गळत होतं, ते लोक विसरून चालले होते.

हाच व्हिडिओ नागपुरात त्या पायलटच्या मुलीने पाहिला. साहेब हयात होते. ऐंशीच्या पुढे, काठी घेऊन चालणारे. दादाला फोन आला तेव्हा तो रानात होता, तिथून धावत घरी आला. इंजिन त्याने अजून एकदाही सुरू केलं नव्हतं. उडवायची परवानगी मिळणार नाही हे त्याला माहीत होतं आणि उडवायचं नव्हतंही. पण साहेब येतील त्या दिवशी इंजिन चालवायचं आणि ते साहेबांनीच चालवायचं, असं त्याने ठरवून टाकलं. आबांनी हे ऐकलं आणि वहिनीला फेटा काढून ठेवायला सांगितलं. मला वाटलं, आनंद झाला असेल.

साहेबांना परभणी स्टेशनवरून आणायचं काम माझ्याकडे होतं. सडपातळ, उंच, पांढरी दाढी. गाडीत पुढे बसताना त्यांनी आधी हाताने आपला उजवा पाय उचलून आत घेतला. मुलगी मागे बसली. शहरातल्या रिक्षांमधून बाहेर पडेपर्यंत त्यांनी पिकपाण्याची, धरणाची चौकशी केली. रस्ता मोकळा झाल्यावर म्हणाले, "ताई, तुमच्याकडे ती गोष्ट सांगतात ना, मी तुमच्या वडिलांना वाचवल्याची?"

मी म्हटलं, सांगतात म्हणजे काय, आम्ही तिच्यावरच वाढलो.

"मी त्यांना पाहिलंच नव्हतं," ते म्हणाले.

मी गाडी चालवत राहिले. ते शांतपणे सांगत गेले. विमानाच्या दोन्ही पंखांत पेट्रोलच्या टाक्या होत्या. एक संपत आली की मोटारसायकल रिझर्व्हला लावतात तसा नळ फिरवून दुसरी सुरू करायची. त्या सकाळी ते विसरले. इंजिन अडखळलं तेव्हा ते मान खाली घालून नळ शोधत होते. जमीन इतकी जवळ असताना मान खाली घालायची नसते, हे पहिल्या दिवशी शिकवतात. वर पाहिलं तेव्हा समोर बाभळी होत्या. विमान कुणी वळवलं नव्हतं. एक पंख आपोआप झुकला आणि ते तिकडे गेलं. आबा ज्या बाजूला होते तिकडचा पंख झुकला असता तर तिकडे गेलं असतं.

दवाखान्यात ते शुद्धीवर आले तेव्हा चौकशी होऊन गेली होती. शेतातल्या साक्षीदाराने सांगितलंय, इंजिनाचा आवाज आधीपासून बिघडलेला होता आणि पायलटने जीव धोक्यात घालून माणूस वाचवला, असं त्यांना कळलं. त्यांनी ते खोडून काढलं नाही. पाय बरा झाल्यावर ते पुन्हा उडू लागले आणि केस पिकेपर्यंत उडत राहिले. इकडे मात्र कधी आले नाहीत.

"आज त्यांना सांगणार आहे," ते म्हणाले. "त्यासाठीच आलोय."

मी गाडी रस्त्याच्या कडेला घेतली. मी त्यांना म्हटलं, माझे वडील ऐंशीच्या घरात आहेत. एक डोळा त्या औषधात गेला, असं मला वाटतं, डॉक्टर लिहून देणार नाहीत. मागच्या वर्षी हृदयाचा झटका येऊन गेलाय. त्या कामातून त्यांना मिळालेली एकच चांगली गोष्ट म्हणजे कुणीतरी आपल्यासाठी पाय मोडून घेतला. तुम्ही आज ती काढून घेऊ नका.

मागून मुलगी हळूच म्हणाली, "बाबा, त्या म्हणतात ते ऐका."

साहेब खिडकीतून बाहेर बघत राहिले. बघू, एवढंच म्हणाले. पुढचा सगळा रस्ता मी त्यांच्या तोंडाकडे चोरून बघत होते.

आबा शेडपुढच्या चिंचेखाली खुर्चीत बसले होते. धुतलेलं धोतर, डोक्याला फेटा. गावातली बरीच माणसं जमली होती. साहेब काठी टेकत आले, आबा उठले आणि दोघांनी एकमेकांचे हात धरले. लोकांनी फोटो काढले. साहेबांनी तोंड उघडलं की मी त्यांना अडवायची. मी चहा पुढे केला, पाणी पुढे केलं, दोघांच्या मधे जाऊन उभी राहिले. वहिनीने मला बाजूला घेऊन विचारलं, काय झालंय तुला. मी काही नाही म्हटलं.

दादाला यातलं काही माहीत नव्हतं. त्याने साहेबांना आधार देऊन, शेडबाहेर ढकलून आणलेल्या विमानाच्या बैठकीत चढवलं. मोडलेला पाय आत घ्यायला वेळ लागला. चढून बसल्यावर मात्र साहेबांचे हात न बघता एकेका दांड्यावर गेले. दादाने माणसांना समोरून हटवून डाव्या बाजूला, चिंचेखाली बसवलं. चाकांपुढे लाकडी ठोकळे लावले, आग विझवायचं लाल नळकांडं स्वतःजवळ ठेवलं आणि हात वर केला.

पहिल्यांदा नाकावरचा पंखा चार वेळा फिरून थांबला. दुसऱ्यांदा तेवढंही झालं नाही. तिसऱ्यांदा नाकाडातून काळा धूर आला आणि पेट्रोलचा वास पसरला. दादा नळकांडं घेऊन धावला. खाली वाकून बघितलं, एक जोड आवळला. आता नको, असं मला ओरडून सांगावंसं वाटलं. चौथ्यांदा इंजिन खोकलं, थांबतंय असं वाटलं आणि एकदम पेटलं.

तो आवाज मी ओळखला. आबांनीही. बसल्या जागी त्यांची मान खाली गेली आणि खांदे आखडले. झेंडा धरून उभा असलेला माणूस डोक्यावरून विमान जाताना जसा होईल तसे ते झाले होते. लोक टाळ्या वाजवत होते. धुळीचा लोट मागे उडत होता. साहेबांनी इंजिनाचा वेग थोडा वाढवला.

उजव्या चाकाखालचा ठोकळा मुरमावरून सरकला. मी तो सरकताना पाहिला. डावं चाक ठोकळ्याला अडून राहिलं आणि उजवं पुढे आलं. त्यामुळे विमान जागच्या जागी वळायला लागलं, आम्हा सगळ्यांकडे. पिवळं नाक आणि पुढचा तो न दिसणारा पंखा चिंचेच्या दिशेने येत होता. लोक उठून पळाले. मी आबांच्या खुर्चीला मागून धरून ओढली, ती उलटली, आबा आणि मी दोघं मातीत पडलो. पडल्या पडल्या मी वर पाहिलं. साहेबांची मान खाली होती. ते काचेमागे कुठल्या तरी काट्याकडे बघत होते. दादा पंखाचं टोक धरून मागे रेटत होता आणि ओरडत होता. आवाजात त्याचं ओरडणं कुणालाच ऐकू जात नव्हतं.

मग साहेबांनी वर पाहिलं. त्यांचा हात पुढे गेला, इंजिनाचा आवाज तुटला. पंखा आणखी काही फेरे फिरून थांबला. खुर्ची तिथेच आडवी पडली होती आणि पंख्याचं पातं तिच्यापासून हातभर लांब होतं.

कुणाला लागलं नव्हतं. आबांच्या कोपराचं साल गेलं होतं. मी त्यांची नाडी धरून बसले, ती ठीक होती. दादा शेडच्या खांबाला टेकून बसला. साहेबांना दोघा-तिघांनी खाली उतरवलं. ते काठी न घेताच लंगडत आबांपाशी आले आणि जमिनीवर बसले. मी मान हलवून त्यांना नको म्हणत होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही.

"आजही माझी मान खाली होती," ते म्हणाले. "तेव्हाही होती. मी तुम्हाला वाचवलं नाही. मला तुम्ही दिसलाच नव्हता."

लोक जवळ येऊन उभे होते, त्यांच्यापुढेच त्यांनी सगळं सांगितलं. नळ विसरल्याचं, बाभळींचं, चौकशीचं. दादा खांबापासून उठून आला होता. त्याचा चेहरा मी पाहिला आणि नजर वळवली. माझी बोटं आबांच्या मनगटावर होती. नाडीचा ठोका जरासुद्धा बदलला नाही.

सगळं ऐकून घेतल्यावर आबा म्हणाले, "ठावं हाय मला. तवा मला दोन्ही डोळ्यांनी दिसत होतं. तुमी खाली बघायलते."

साहेबांना कळलं नसावं. काय म्हणालात, असं त्यांनी विचारलं.

आबांनी मग सावकाश सांगितलं. ते विमानाच्या समोर उभे होते, पायलटचं डोकं त्यांना रोज स्पष्ट दिसायचं. त्या दिवशी फक्त टोपीचा वरचा भाग दिसला. इंजिन आधी चांगलं चाललं होतं, मग तुटक झालं. विमान वळवलं गेलं नाही, कलंडलं. चौकशीचे लोक आले तेव्हा त्यांनी विचार करून बयान दिलं होतं, आणि ते खोटं दिलं होतं. साहेबांनी जीव वाचवला, हे त्यांनी स्वतः रचलं होतं.

"का?" साहेबांनी विचारलं.

आबा माझ्याकडे तोंड करून बोलले, जणू प्रश्न मीच विचारला होता. आदल्या हंगामात दुसरा पायलट आला होता. शेजारच्या रानात बाया निंदायला बसल्या होत्या. त्याने बघितलं नाही, की बघून सोडून दिलं, देव जाणे. त्यांच्या अंगावरून औषध गेलं. त्यांत आमची माय होती. ती कितीतरी दिवस उलट्या करत पडली होती आणि पोटातलं लेकरू राहिलं नाही. आम्हाला तेव्हा सांगितलं होतं, मायला हिवताप आलाय. मी मोठी होऊन परिचारिका झाले, तिची सगळी दुखणी विचारून घेतली, पण हे तिने जाईपर्यंत मला कधी सांगितलं नाही.

"ह्ये साहेब आले," आबा म्हणाले, "तवा रोज आधी एक फेरी कोरडी मारायचे. बाया बांधापल्याड गेल्याबिगर औषध सोडायचे न्हाईत. लय टाईम जायचा, कंपनीचा मुकादम वरडायचा. तरी सोडायचे न्हाईत. मी म्हन्लं, ह्या मान्साचं विमान गेलं न्हाई पायजे. ह्याला काडला तर पुन्हा तसलाच कुनीतरी येईल."

साहेब म्हणाले, ते तर नंतर इकडे आलेच नाहीत.

"हिकडं न्हाई. पन कुटंतरी गेलाच की. तितं बी बाया निंदत असतील."

साहेब मातीकडे बघत राहिले. त्यांची मुलगी त्यांच्यामागे उभी होती, तिने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. जमलेल्या माणसांतला एकेक जण हळूहळू पांगला. वहिनीने खुर्ची सरळ केली.

दादा मात्र रागावला. आबांवर, साहेबांवर नव्हे. आम्हाला तरी खरं सांगायचं होतं, असं तो म्हणाला, मी सगळं आयुष्य त्या गोष्टीवर काढलं. आबा म्हणाले, तुला सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं असतंस. मग आम्ही मोठे झाल्यावर का नाही सांगितलं, असं दादाने विचारलं. आबा म्हणाले, "तुज्या मायला ठावं होतं." आणि गोष्ट निघाली की ती आत का जायची ते मला तिथे चिंचेखाली, हातात आबांचं मनगट धरून, समजलं. विमानाचा राग तिला होताच. पण तिच्या दुखण्यातून निघालेलं खोटं सगळे हसत ऐकायचे, ते तिला बसून ऐकवत नसणार.

त्या दिवशी साहेब जेवायला थांबले. वहिनीने भाकरी आणि येलदरीच्या माशांचं कालवण केलं होतं. ते थोडंच जेवले. जेवताना त्यांनी आबांना एकदाच विचारलं, माझ्याबद्दल तुम्हाला राग नव्हता का? आबांनी सांगितलं, होता. तुमच्या औषधाचा होता. अजून आहे. साहेबांनी मान हलवली आणि दोघं जेवत राहिले. संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना परभणीला सोडलं. स्टेशनवर उतरताना त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि लगेच सोडला.

दादा त्यानंतर पुष्कळ दिवस शेडकडे फिरकला नाही. मी गेले की दार बंद दिसायचं. मग एकदा उघडं दिसलं. त्याने ठोकळ्यांच्या जागी लोखंडी अडसर करून घेतले होते, खाली सिमेंटचा पट्टा टाकला होता आणि माणसं उभी राहायची जागा दूर, दोरी बांधून आखली होती. इंजिन मात्र अजून त्याने पुन्हा चालवलेलं नाही. लोक येतात. आता तो त्यांना काय सांगतो हे मी एका रविवारी मागे उभी राहून ऐकलं. विमान कुठल्या साली बांधलं असेल, कापड कसं ताणलं, इंजिन कसं जमवलं, सगळं सांगतो. मग पायलटच्या मागच्या बाजूला, पंखाखाली असलेल्या नळ्या दाखवतो. औषध यातून सुटायचं, म्हणतो. खाली माझे वडील उभे असायचे, आणि एकदा शेजारच्या रानात माझी आई होती. काही जण परत जाताना पंखाला हात लावत नाहीत. काही लावतात. मी अजूनही लावत नाही, पण आत जाऊन बाकड्यावर बसते.

साहेबांचा फोन येतो. दादाच्या मोबाइलवर येतो आणि त्यांना आबांशीच बोलायचं असतं. आबांना कमी ऐकू येतं म्हणून फोन त्यांच्या कानाला मीच धरते, मी नसले तर वहिनी धरते. गुडघ्यांचं बोलणं होतं, झोपेचं होतं, कुणाचा पाऊस किती झाला ते होतं. मागच्या वेळी माझा हात अवघडला म्हणून मी फोन आबांच्या हातात दिला आणि चहा टाकायला गेले. परत आले तरी ते बोलतच होते. आवाज अगदी बारीक केला होता. मला पाहून गप्प झाले.

फोन ठेवल्यावर मी विचारलं, एवढं काय बोलत होतात?

"तुला काय करायचंय," आबा म्हणाले आणि चहाच्या कपासाठी हात पुढे केला.